गाडीतल्या घराला कोणती बॅटरी?

"घरच्या इन्व्हर्टरची बॅटरीच गाडीत ठेवली तर?" जुन्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा आणि छोटा फ्रिज बसवायला निघालेला माणूस सहसा पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तो रास्त आहे. ती उंच, जड ट्युब्युलर बॅटरी आपल्या ओळखीची असते. अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घातलं की ती वर्षानुवर्षं काम करते, आणि जुनी परत दिली की नवीवर सूटही मिळते. गाडीतही ती चालेल, पण घरात टिकते तितकी टिकणार नाही. का टिकणार नाही हे नीट समजलं, की कोणती घ्यायची याचं अर्धं उत्तर हाती येतं.

घरची बॅटरी जवळजवळ सगळा वेळ भरलेली असते. वीज गेली की दोन तास वापरायची, आली की पुन्हा काठोकाठ भरायची. गाडीत तसं होत नाही. रात्रभर फ्रिज आणि पंखा बॅटरी उतरवतात, सकाळी गाडी दोन तास चालते, दुपारी आभाळ येऊन सोलर पॅनेल मंदावतं, आणि पूर्ण न भरताच बॅटरी संध्याकाळी पुन्हा कामाला लागते. प्रवासात ती दिवसचे दिवस अर्धवट भरलेली राहते. म्हणून प्रत्येक बॅटरीबद्दल पहिला प्रश्न हा असावा: अर्धवट भरलेलं राहणं तिला सोसतं का?

आधी हिशेब

दुकानात जाण्याआधी कागद घ्या. दोन माणसांचा साधा दिवस धरू. ४५ वॅटचा १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज उन्हाळ्यात निम्मा वेळ चालू राहिला तर ५४० वॅट-तास. ३० वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे २४०. दिवे १००, मोबाइल आणि लॅपटॉप १५०, पाण्याचा पंप १५. बेरीज १०४५. वायरिंग आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून ११५० म्हणू. याला १२ व्होल्टने भागलं की सुमारे ९६, म्हणजे दिवसाला जवळपास १०० अँपिअर-तास लागतात. पावसाळी दिवसासाठी आणखी अर्ध्या दिवसाची शिल्लक ठेवली, तर प्रत्यक्ष वापरता येतील असे १५० अँपिअर-तास हवेत.

इंडक्शन शेगडी हा हिशेब बदलून टाकते. १५०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते आणि अर्ध्या तासात साठ-पासष्ट अँपिअर-तास संपवते. त्यामुळे स्वयंपाक गॅसवर करायचा की विजेवर, हे बॅटरी घेण्याआधीच ठरवायला हवं.

शिसं आणि अ‍ॅसिड

घरची ट्युब्युलर ही शिसं-अ‍ॅसिड जातीची. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवलेली शिसं-अ‍ॅसिड बॅटरी आजही त्याच तत्त्वावर चालते. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचतं आणि चार्ज केलं की ते विरघळतं. बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली, तर मात्र त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात आणि मग चार्ज करूनही पुरते विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात.

दुसरी अडचण भरण्याच्या वेगाची. ही बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी झटपट भरते, पण पुढे ती प्रवाह कमी कमी घेत जाते. शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात आणि मोठा चार्जर लावूनही त्यात फारसा फरक पडत नाही. दोन तासांच्या प्रवासात ती पूर्ण भरत नाही, रोज थोडी कसर राहते आणि सल्फेशन वाढत जातं.

म्हणून ही बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवायची नाही, असा जाणत्यांचा नियम आहे. १५० अँपिअर-तास वापरायचे तर ३०० ची बॅटरी लागते, म्हणजे १५० च्या दोन ट्युब्युलर. एकीचं वजन पन्नास किलोच्या पुढे, दोघींचं शंभराच्या. शिवाय लेबलवरचा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश वीज काढली तर मिळणारा असतो. शेगडीसारखा मोठा भार लावला की त्याहून कमीच वीज हाती येते.

चार्ज होताना ट्युब्युलर बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. ज्या बंद जागेत आपण आणि आपली मुलं झोपणार, तिथे ही बॅटरी ठेवायचीच असेल तर हवाबंद पेटी आणि थेट बाहेर जाणारी नळी हवीच. आंबोलीसारख्या घाटात वळणावळणाला अ‍ॅसिड हिंदकळतं, तो धोका वेगळाच.

एजीएम बॅटरीत अ‍ॅसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, तर जेलमध्ये ते सिलिका घालून घट्ट केलेलं असतं. दोन्ही सीलबंद असतात, पाणी घालावं लागत नाही, आणि नीट चार्ज केल्या तर तयार झालेला वायू बहुतांशी आतच पुन्हा पाण्यात मिसळतो. झोपायच्या जागेसाठी या खूप बऱ्या. पण आत शिसंच असल्याने सल्फेशन आणि निम्म्याचा नियम यांनाही लागू. गाडी सुरू करणारी स्टार्टर बॅटरी मात्र या कामाला अजिबात वापरू नका. क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी तिच्या प्लेटा पातळ असतात आणि वारंवार खोल उतरवल्याने त्या लवकर खराब होतात. शिवाय सकाळी गाडीच सुरू होणार नाही.

लिथियम, पण कोणतं?

लिथियम हे एका बॅटरीचं नाव नाही, ते कुटुंब आहे. गाडीतल्या घराला त्यातली लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, योग्य. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने १९९७ मध्ये हे रसायन पुढे आणलं. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने, निकेल-कोबाल्ट असलेल्या लिथियम सेलच्या तुलनेत ही बॅटरी भडकण्याचा धोका कमी. एका सेलचा दाब ३.२ व्होल्ट, चार जोडले की १२.८. त्यामुळे १२ व्होल्टची उपकरणं तिच्यावर सहज चालतात.

अर्धवट भरलेलं राहणं हिला सोसतंच, उलट मानवतं. ऐंशी टक्के उतरवली तरी चालते, म्हणून आपल्या हिशेबाला २०० अँपिअर-तासांची एक बॅटरी पुरते आणि तिचं वजन वीस-पंचवीस किलोच असतं. शिसं-अ‍ॅसिड खोल उतरवत राहिलं तर काही शे वेळा भरता येतं. चांगली एलएफपी दोन-तीन हजार वेळा भरता येते. पहिल्या दिवशी ती महाग वाटते, पण दर रात्रीचा खर्च मांडला की वर्षभर फिरणाऱ्याला स्वस्त पडते.

पण तिच्या काही अटी आहेत. ती इतक्या जोराने प्रवाह ओढते की इंजिनावर चालणाऱ्या आल्टरनेटरला थेट जोडली तर तो तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लावा. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात सुमारे ६० अँपिअर-तास भरतो. चार्जर आणि सोलर कंट्रोलर दोन्ही लिथियमच्या सेटिंगवर ठेवा. सेलवर लक्ष ठेवणारं बीएमएस बॅटरीत आहे का, ते विचारून घ्या. हिचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहतो, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती उरलीय ते कळत नाही. आत गेलेली-बाहेर आलेली वीज मोजणारा शंट मीटर बसवा. आणि बॅटरी कुठलीही असो, तिच्या धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच.

ऊन आणि बर्फ

शिसं-अ‍ॅसिडचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत काय होत असेल, याचा अंदाज यावरून यावा. एलएफपीलाही ऊन मानवत नाही. तिला इंजिनापासून दूर, हवा खेळेल अशा जागी ठेवा. उलट स्पिती-लडाखच्या थंडीत शून्य अंशाखाली एलएफपी वापरता येते, पण चार्ज करायची नाही. तसं केलं तर आत धातुरूप लिथियम साचून सेल कायमचा बिघडतो. तिकडे जाणार असाल तर थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारं बीएमएस किंवा आतला हीटर असलेली बॅटरी घ्या.

मग निवड कशी करायची?

महिन्यातून एखादा शनिवार-रविवार बाहेर, मुक्काम वीजजोडणी असलेल्या जागी आणि वापर दिवे-मोबाइलपुरता असेल, तर १०० अँपिअर-तासांची एजीएम पुरेशी आहे. प्रत्येक सहलीनंतर घरी आणून ती पूर्ण भरा. आठवडाभर कोकण किनाऱ्यावर फ्रिज-पंख्यासह राहायचं असेल, तर एलएफपीच घ्या. ट्युब्युलर फक्त एका जागी उभ्या राहणाऱ्या, बाहेरून वीज मिळणाऱ्या आणि बॅटरीसाठी वेगळा हवेशीर कप्पा असलेल्या गाडीसाठी. शिसं-अ‍ॅसिड आणि एलएफपी एकमेकांना समांतर मात्र कधी जोडू नका, त्यांची भरण्याची रीतच वेगळी आहे.

पहिल्या दोन मुक्कामांत रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे बॅटरी वाढवायची की सोलर पॅनेल, हे त्या आकड्यांवरून कळेल. आणि आयुष्य संपलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ज्या नदीकाठी, ज्या किनाऱ्यावर मुक्काम करायला आपण हे गाडीतलं घर बांधतो, तिथल्या मातीत जुन्या बॅटरीतलं शिसं जाऊ नये.