फर्दापूरचं उघडं रान

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूर नदीपलीकडच्या कड्यात त्याला लेण्याची कमान दिसली. तेव्हापासून अजिंठ्याच्या गोष्टीत ‘घनदाट अरण्य’ ठाण मांडून बसलं आहे. पण लेण्यांजवळच्या फर्दापूर गावाभोवतीचं रान मुळातच मोकळं, रुंद पानांचं, शुष्क पानझडीचं. साग, सलई, धावडा, पळस, टेंभुर्णी, खैर आणि मधे गवत. एप्रिलात यातली बहुतेक झाडं निष्पर्ण असतात. स्मिथला कमान दिसली, त्यात या पानगळीचाही हात असावा.

१८४४ मध्ये रॉबर्ट गिल भित्तिचित्रांच्या नकला करायला इथे आला आणि जन्मभर या मुलुखात रमला. चित्रांची नोंद झाली, पुढे ग्रंथ निघाले. झाडांच्या वाट्याला मात्र कुऱ्हाड, गुरं आणि वणवा आला. वाळलं गवत पेटलं की कोवळी रोपं आधी जातात. धावडा खोडापासून पुन्हा फुटतो. सलईची साल कागदासारखी सुटते, जखमेतून सुवासिक डिंक पाझरतो. तिच्या पाल्याला जनावर सहसा तोंड लावत नाही. म्हणून उघड्या उतारावर बऱ्याचदा तीच उरते.

अशा रानाचं दुखणं एकट्या मराठवाड्याचं नाही. पॅसिफिकमधल्या हवाई बेटांवर आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं ‘लामा’ हे झाड तिथल्या कोरड्या जंगलात वाढतं. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरने तिथे गुरं उतरवली. पुढे गुरं, शेळ्या, वणवे आणि बाहेरून आलेलं गवत यांनी त्या जंगलाचा बहुतांश भाग गिळला.

इकडे १९९२ मध्ये जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प सुरू झाला, त्यात वनीकरणही होतं. पुढे खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबू लागल्या आणि लेण्यांपर्यंतचा शेवटचा टप्पा बसने होऊ लागला.

स्मिथ ज्याच्या शिकारीला निघाला होता, तो वाघही या मुलुखात पुन्हा दिसला: मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ अजिंठ्याच्याच डोंगररांगेतल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी १० ते ४० टक्के छत्र असलेलं जंगल ‘खुलं’ ठरतं. हा शेरा पाहून मोकळी जागा दिसेल तिथे रोपांसाठी खड्डे घेण्याची घाई नको. उन्हाळ्याआधी वणवा रोखणाऱ्या जाळरेषा काढाव्यात, काही पावसाळे चराईबंदी पाळावी. जुनी खोडं जिवंत आहेत तिथे रोपवाटिकेआधी त्यांना संधी द्यावी.