कडब्याचा कोरा रकाना

वऱ्हाडात ज्वारी आणि सोयाबीन यांची तुलना निघाली की निकाल आधीच ठरलेला असतो. 2025-26 च्या खरिपासाठी केंद्र सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे 5,328 रुपये, तर संकरित ज्वारीला 3,699 रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. सोयाबीन लवकर निघते, मागे हरभऱ्याला वाव राहतो. उलट खरीप ज्वारीचे कणीस परतीच्या पावसात काळे पडते, रानडुकरे आणि पाखरे आपला वाटा उचलतात, सोंगणीला मजूर मिळत नाहीत. तेव्हा अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याने ज्वारी सोडली, यात त्याचा अविवेक मुळीच नाही.

मात्र या हिशेबातील एक रकाना कोराच राहतो. ज्वारी हे दुहेरी पीक आहे. धान्य माणसांचे, कडबा गुरांचा. आधारभूत किंमत असते ती धान्याला. घरचा कडबा बाजारात जात नाही, म्हणून त्याचे मोल शून्य धरण्याची सवय जडली आहे. वस्तुतः तोच कडबा वैशाखात गाडीभाड्यासह विकत घेताना जी रक्कम मोजावी लागेल, ती ज्वारीच्या जमेस धरावयास हवी. जनावरामागे रोज 6 किलो सुका चारा धरला, तरी बैलजोडीला वर्षाकाठी सुमारे 44 क्विंटल लागतो.

दोष एकट्या सोयाबीनचा नव्हे. 1964 मध्ये सीएसएच-1 हे ठेंगणे संकरित वाण आले आणि धान्य वाढले. ताटाची उंची घटली, याची खंत तेव्हा कोणी केली? सोयाबीनचे कुटार गुरे खातात, पण कडब्याच्या गोडीने नव्हे. हार्वेस्टर फिरला की तेही रानात विखुरते. सरकी ढेपेने दूध वाढेल, पोट भरणार नाही.

नेपियर गवताची शिफारस वारंवार होते. त्याच्या टनांचे आकडे डोळे दिपवितात. पण हिरव्या चाऱ्याच्या वजनात मोठा भाग पाण्याचाच असतो. कडब्याशी त्याची तुलना सुक्या वजनावरच व्हावयास हवी. शिवाय त्याला बारमाही ओलीत लागते, आणि पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे!

पाच एकरांतील एक एकर उंच ताटाच्या ज्वारीला दिल्यास सोयाबीनचे उत्पन्न तेवढे घटेल, हे खरे. पण चाऱ्याअभावी चैत्रात जोडी विकणारा अल्पभूधारक मृगाच्या पावसानंतर भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसतो. त्याची पाळी येईतो वाफसा निघून गेलेला असतो.