बेगमी (यवतमाळ जिल्हा)

बेगमी म्हणजे पावसाळा, दुष्काळ, आजारपण किंवा रस्ते बंद पडण्यासारख्या अडचणीच्या काळासाठी घरात आगाऊ करून ठेवलेला धान्य, डाळी, मीठ-मिरची, सरपण इत्यादींचा साठा होय. या शब्दाचे मूळ फारसीतील 'बे' (विना) आणि 'गम' (दुःख, चिंता) या शब्दांत सांगितले जाते; म्हणजे बेगमीचा मूळ अर्थ साठा असा नसून निश्चिंती असा आहे. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील यवतमाळ जिल्ह्यात बेगमीचा इतिहास ज्वारी आणि कापूस या दोन पिकांच्या चढाओढीशी जोडलेला आहे.

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्हा वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मध्ये वसलेला असून त्यात १६ तालुके आहेत. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आले. त्यानंतर हा भाग ऊन (वणी) जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. खरिपाची ज्वारी हिवाळ्यात घरात येई आणि पुढचे पीक येईपर्यंत तीच पुरवावी लागे. या वर्षभरातला सर्वात कठीण काळ आषाढ ते भाद्रपद हा होय. या दिवसांत जुने धान्य संपत आलेले असते, नवे शेतात उभे असते, पेरणीत हातचा पैसा गेलेला असतो आणि नाल्यांना पूर आल्याने बाजारही दुरावतो.

ज्याच्या घरी साठा नसे त्याला या काळात सावकाराकडून किंवा मोठ्या शेतकऱ्याकडून धान्य उसने घ्यावे लागे. सवाईने घेतल्यास चार पायल्यांच्या पाच आणि दिढीने घेतल्यास सहा पायल्या सुगीत परत कराव्या लागत. तीन-चार महिन्यांच्या उसनवारीवर पडणारा हा भार पाहता, कोठीत शिल्लक असलेली ज्वारी ही केवळ अन्न नव्हती. पुढच्या हंगामाचे धान्य आपल्याच घरात राहील की दुसऱ्याच्या, हे तिच्यावर ठरत असे.

साठवणुकीची साधने

पेव हे जमिनीखालचे कोठार. गावठाणातील उंचवट्याची, मुरमाड किंवा पांढरीची जागा पाहून ते खणले जाई. काळ्या मातीत पेव टिकत नाही, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरते. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असे. तळाला व बाजूंना कडबा किंवा वाळलेले गवत लावून आत धान्य भरत आणि तोंडावर दगड ठेवून माती-शेणाने ते लिंपून टाकत. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार याच कोठारावरून आला आहे.

पेवातील धान्य टिकण्याचे कारण सोपे आहे. बंद जागेत धान्य आणि त्यातील किडे श्वसन करतात, प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड मरते. आज धान्यासाठी विकल्या जाणाऱ्या हवाबंद पिशव्याही याच तत्त्वावर चालतात. भिंतीलगतचे धान्य मात्र ओल धरून काळपट होते व त्याला उग्र वास येतो. मधले धान्य चांगले राहते.

जो वायू किडीला मारतो तोच माणसालाही मारतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो पेवाच्या तळाशी साचून राहतो. त्यामुळे पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवण्याची आणि आधी पेटता दिवा दोरीने खाली सोडून पाहण्याची रीत होती. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. ही परीक्षा उपयुक्त असली तरी पुरेशी नाही, कारण ज्योत तेवत असली तरी हवा श्वसनास योग्य असेलच असे नाही. अशा बंद जागांमध्ये पहिला माणूस बेशुद्ध पडल्यावर त्याला काढण्यासाठी घाईने उतरलेला दुसराही दगावतो. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून तो वर धरून ठेवणे महत्त्वाचे मानले जाते. पेवांचा वापर धान्यापुरता मर्यादित नव्हता. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरात त्यांचे मोठे नुकसान झाले.

जमिनीवरच्या साधनांत कणगी, ढोली, मातीची कोठी आणि बळद यांचा समावेश होतो. कणगी बांबूच्या कामट्यांची किंवा तुराट्यांची विणून शेणमातीने लिंपतात. बळद म्हणजे घराच्या भिंतीलगत बांधलेली, वरून भरायची बंदिस्त खोली. अलीकडे यांची जागा पत्र्याच्या कोठ्यांनी घेतली आहे.

धान्याखेरीज उन्हाळ्यात कुरडया, पापड, शेवया, मूगवड्या, सांडगे, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, हरभऱ्याची वाळवलेली भाजी, तिखट आणि लोणची केली जातात. हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे असून धान्याच्या मोजमापात त्याची नोंद होत नाही. गोंड व कोलाम कुटुंबांत वाळवलेली मोहफुले हा महत्त्वाचा साठा असतो. दुष्काळात त्यांवर अनेकांनी दिवस काढले आहेत.

कापूस आणि दुष्काळ

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) भारतीय कापसाची मागणी वाढली आणि वऱ्हाडात कापसाखालील क्षेत्र विस्तारले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत या प्रदेशाला मोठी झळ बसली. कापसाच्या व्यापारी लागवडीमुळे अन्नधान्याची जुनी सुरक्षितता कशी ढासळली, याची मांडणी इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) या ग्रंथात केली आहे. रेल्वे आल्यावर बाहेरचे धान्य जिल्ह्यात येणे शक्य झाले, पण ते विकत घेण्याची ऐपत तिच्यासोबत आली नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी आयात केलेल्या लाल ज्वारीवर, म्हणजे 'मिलो'वर, आणि सुकडीवर दिवस काढले.

पुढे कापसाच्या जोडीला सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्र आणखी घटले. ज्वारी गेल्याने माणसाच्या भाकरीबरोबर जनावरांचा कडबाही गेला. आज जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबे धान्य विकत घेतात आणि घरात साठवतात तो कापूस. २०२१–२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. तसाच भाव पुन्हा मिळेल या आशेने २०२२–२३ मध्ये विदर्भातील शेतकऱ्यांनी कापूस महिनोन्‌महिने घरात ठेवला. त्या वर्षीचा हमीभाव लांब धाग्यासाठी ६,३८० रुपये होता. भाव वाढले नाहीत. कापसाने भरलेल्या खोल्यांत राहणाऱ्यांना अंगाला खाज सुटण्याचा त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या, शिवाय आगीचे भय होतेच. हाही साठाच, पण अडचणीत तो शिजवून खाता येत नाही.

शासकीय योजना

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य लागते असे धरल्यास महिन्याची गरज १२ किलो होते. म्हणजे ५ किलोंतून ती निम्मीही भागत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना सवलतीचे धान्य देणे सुरू केले; त्यात यवतमाळचा समावेश होता. २०२३ मध्ये धान्याऐवजी प्रतिव्यक्ती दरमहा १५० रुपये बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. पैसा सोयीचा खरा, पण पुराने बाजाराची वाट बंद झाली तर त्याचा धान्यासारखा उपयोग होत नाही.

आदिवासी कुटुंबांसाठी १९७८ पासून असलेली खावटी कर्ज योजना नेमक्या पावसाळ्यातील टंचाईच्या महिन्यांसाठी होती. कोविड-१९ च्या साथीत, २०२० मध्ये, तिचे अनुदानात रूपांतर करून पात्र कुटुंबाला २,००० रुपये रोख आणि तेवढ्याच किमतीच्या वस्तू असे ४,००० रुपयांचे साहाय्य मंजूर झाले.

सद्यकालीन गरज आणि धोके

२२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीमुळे जिल्ह्यात पूर आला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर लोक अडकले व त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा प्रसंगी साठा किती आहे यापेक्षा तो कोठे आहे, हे अधिक निर्णायक ठरते. जमिनीवर ठेवलेली पोती प्रथम भिजतात. म्हणून आपत्तीसाठी वर्षाच्या धान्यापासून वेगळी अशी काही दिवसांची शिदोरी उंचावर ठेवणे उपयुक्त असते. तीत न शिजवता खाता येणारे फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे, गूळ, तसेच झाकणबंद पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे, विजेरी, काडेपेटी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे असावीत.

वर्षाचे धान्य कडक उन्हात वाळवून, त्यातील ओलावा साधारण १० ते १२ टक्क्यांवर आणून आणि थंड झाल्यावरच भरतात. गरम धान्य भरल्यास कोठीत पाणी सुटते. कडुनिंबाचा पाला, राख, गव्हाला एरंडेल हे उपाय रूढ आहेत. तुरीवर भुंगेरा लवकर पडतो, म्हणून ती बहुधा डाळ करून ठेवतात. जुने धान्य आधी संपवावे आणि नवे त्याच्यात मिसळू नये, कारण सोंडकिडे जुन्यातून नव्यात जातात.

धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वापरणे प्राणघातक ठरू शकते. ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्यांचा जीव जाऊ शकतो. त्यांच्या वापरावर भारतात कायदेशीर निर्बंध आहेत. २०१७ मध्ये कापसावरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. लहान घरांत कीटकनाशकांचे डबे, फवारणीचा पंप आणि धान्याची कोठी एकाच खोलीत असतात. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात धान्य, पीठ किंवा पाणी ठेवणे सुरक्षित नसते.