पहिला क्रमांक कोणाचा?

चौविहार आटोपून चार मित्र गच्चीवर बसावेत, विषय रॉक संगीताचा निघावा आणि कोणीतरी विचारावे, 'सर्वोत्तम दहा अल्बम कोणते?' मग झोपेची वेळ टळलीच म्हणून समजावे. दिवसभर बाजारभावावरून घासाघीस करून थकलेली माणसे या प्रश्नावर नव्या दमाने भांडतात. बीटल्स, बीच बॉइज, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, क्वीन ही नावे येतातच. मुंबई-पुण्याकडच्या मंडळींत क्वीनचे पारडे किंचित जड असते. कारण फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फरोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड उभा केला. शेजारधर्माचे एवढे गुण द्यायला हरकत नसावी.

पेढीवर वाढलेला मित्र साहजिकच विक्रीचा निकष पुढे करतो. अमेरिकेत ईगल्सचा १९७६ सालचा गीतसंग्रह आणि ब्रिटनमध्ये क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' यांचा खप अफाट आहे. परंतु ही दोन्ही निवडक गाण्यांची संकलने. आरंभापासून शेवटपर्यंत एक रचना म्हणून ती घडवलेली नाहीत. वहीखात्यात ती मोठी, या वादात मात्र बाद. दुसरा मित्र टिकाऊपणा पाहतो आणि पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'कडे बोट दाखवतो. १९७३ ते १९८८ या काळात हा अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत मिळून ७४१ आठवडे होता. तिसरा विचारतो, कोणत्या अल्बममुळे इतरांना नवे काही करावेसे वाटले? खरी रंगत या प्रश्नाने येते, कारण तो थेट १९६५ सालच्या डिसेंबरात नेऊन सोडतो.

त्या महिन्यात बीटल्सचा 'रबर सोल' प्रसिद्ध झाला. जॉर्ज हॅरिसनने त्यातील एका गाण्यात सतार वाजवली होती. पुढच्याच वर्षी तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला; १९६८ च्या जानेवारीत त्याने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रणही केले. पण 'रबर सोल'चा सर्वांत खोल परिणाम कॅलिफोर्नियातील एका तेवीस वर्षांच्या तरुणावर झाला. त्याचे नाव ब्रायन विल्सन.

विल्सनचा बीच बॉइज हा बँड म्हणजे एका अर्थी कौटुंबिक पेढीच होती. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तिघे सख्खे भाऊ, माइक लव्ह हा आतेभाऊ, अल जार्डिन हा मित्र आणि आरंभी कारभार पाहणारे वडील मरी विल्सन. समुद्रकिनारा, मोटारी आणि लाटांवरची मौज हा त्यांचा चालता माल होता. १९६४ च्या अखेरीस विमानात ब्रायनचा मानसिक तोल ढळला, तेव्हापासून त्याने दौऱ्यांवर जाणे सोडले. भाऊ गावोगावी गात आणि हा स्टुडिओत बसून सूर जुळवीत असे. उजव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हते. दोन कानांसाठी वेगळे केलेले स्टिरिओ संगीत त्याच्या अनुभवाबाहेरचे होते.

'रबर सोल' ऐकून त्याला वाटले की, अल्बममध्ये भरतीचे एकही गाणे असू नये. गंमत अशी की, त्याने ऐकलेला 'रबर सोल' हा बीटल्सने रचलेला नव्हताच. मूळ ब्रिटिश तबकडीत चौदा गाणी होती. अमेरिकी कंपनीने त्यांतली चार काढून दुसरी दोन घातली होती. जी एकसंधता त्याला भावली, तिचे थोडे श्रेय त्या कंपनीच्या कात्रीलाही द्यावे लागते. 'रबर सोल'ला गुण देणाऱ्या मित्रांनी आधी कोणता 'रबर सोल', हे एकदा ठरवून घ्यावे.

१६ मे १९६६ रोजी विल्सनचे उत्तर आले: 'पेट साउंड्स'. मोटारी आणि लाटा गेल्या. त्यांच्या जागी वयात येण्याची हुरहुर आली. अमेरिकेत तो दहाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही आणि कंपनीने दोनच महिन्यांत बँडच्या जुन्या, खात्रीच्या गाण्यांचे संकलन बाजारात आणले. ब्रिटनमध्ये मात्र तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. बँडमधील ब्रूस जॉन्स्टन ती तबकडी घेऊन लंडनला गेला आणि त्याने ती लेनन व मॅकार्टनी यांना ऐकवली. मॅकार्टनी तिचे ऋण आजही उघडपणे मान्य करतो. १९६७ साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला. सुमारे सातशे तास खपून, चार पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रण यंत्रांवर तो घडवला होता.

विल्सन तोवर 'स्माइल' नावाच्या आणखी महत्त्वाकांक्षी अल्बममध्ये बुडाला होता. घरच्यांच्या शंका, कंपनीशी वाद, अमली पदार्थ आणि ढासळते मन यांचा भार त्याला पेलवला नाही. 'सार्जंट पेपर' येण्याच्या सुमारास 'स्माइल' सोडून दिल्याचे जाहीर झाले. एकाच चढाओढीने एकाकडून उत्तम काम करवून घेतले आणि दुसऱ्याचे काम अर्ध्यावर राहिले. १९६९ साली वडिलांनी त्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क सुमारे सात लाख डॉलरला विकून टाकले. भावाभावांच्या व्यवहारात वडीलधाऱ्यांची सही किती महाग पडू शकते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

'स्माइल' पुरे व्हायला २००४ साल उजाडले. साठी ओलांडलेल्या विल्सनने लंडनमध्ये ते प्रथम रंगमंचावर सादर केले आणि त्याच वर्षी त्याचे ध्वनिमुद्रणही आले. २०२५ च्या जून महिन्यात तो निवर्तला.

आता क्रमांकांकडे वळू. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने २००३ मध्ये पाचशे सर्वोत्तम अल्बमची यादी केली, तेव्हा 'सार्जंट पेपर' पहिला आणि 'पेट साउंड्स' दुसरा होता. २०२० मध्ये नव्या मंडळींची मते घेऊन यादी पुन्हा केली गेली. मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला आणि 'सार्जंट पेपर' चोविसावर घसरला. 'पेट साउंड्स' तेव्हाही दुसराच. तबकड्यांमधला एक सूरही बदलला नव्हता; बदलले होते ते कान.

जैन घरातील श्रोत्याला यात नवल वाटू नये. वस्तू अनंतधर्मात्मक असते आणि प्रत्येक नय तिची एकच बाजू दाखवतो, हे तो पाठशाळेतच शिकलेला असतो. विक्री हा एक नय, टिकाऊपणा दुसरा, प्रभाव तिसरा. तिन्ही खरे आहेत. पण एक नय इतरांना खोटे ठरवू लागला की त्याचा दुर्नय होतो, आणि गच्चीवरची भांडणे बहुधा तेथेच पेटतात. मात्र 'सगळेच आपापल्या परीने चांगले' असे म्हणून यादी टाळणाऱ्या मित्रालाही स्याद्वादी म्हणू नये. स्याद्वाद अपेक्षा स्पष्ट सांगायला लावतो. मत देण्यातून सूट देत नाही. ब्रिटिश 'रबर सोल' की अमेरिकी, हे विचारणे म्हणजे तेच.

संग्राहकांच्या यादीचा नय तर आणखी निराळा. ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बंद पडल्यावरही कलकत्त्याच्या दमदम येथील कारखान्यात बीटल्सची गाणी त्या जुन्या पद्धतीने छापली जात होती आणि आज जगभरचे हौशी लोक त्या शोधत असतात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाख असे; श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते, हे जाणणाऱ्या घरात विनाइलची तबकडी अधिक निश्चिंतपणे ठेवता येईल.

'पेट साउंड्स' छत्तीस मिनिटांचा आहे, 'सार्जंट पेपर' चाळीसच्या आसपास. दोन घटिकांत यांपैकी कोणताही एक सावकाश ऐकून होतो. 'पेट साउंड्स' ऐकायचा तर मूळ मोनो रूपातच ऐकावा. विल्सनला त्याच्या एका कानाने तो तसाच ऐकू येत होता.