पिंपळाला लाल खडू

पाडव्याच्या आदल्या दिवशी माझी भाची झाडाचं चित्र रंगवत बसली होती. खोड तपकिरी, पानं हिरवीगार. "मावशी, हा आपला पिंपळ," तिने जाहीर केलं. आपला पिंपळ म्हणजे आमच्या गॅलरीला लागून जो पाण्याचा पाइप जातो, त्याच्या फटीत उगवलेलं झाड. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी तीन वर्षांत माझ्या उंचीएवढं झालंय.

मी म्हटलं, "एकदा गॅलरीत जाऊन बघून ये."

ती गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मग आली, तिने हिरवा खडू ठेवला आणि लाल उचलला. तो ठेवून गुलाबी घेतला, मग पुन्हा तपकिरी. शेवटी डबा माझ्यासमोर आदळून म्हणाली, "यात तो रंगच नाही!"

खरंच नाही. घासलेल्या तांब्याच्या गडूला थोडा गुलाबी रंग फासला, तर कदाचित तसा दिसेल. नवं पान इतकं पातळ, की पलीकडचं ऊन त्यातून गाळून येतं.

चैत्रात तुमच्याही आसपास हे चाललेलं असतं. आंब्याच्या शेंड्याला लोंबणारी जांभळट-तांबडी पानं बघा. पाडव्याला गुढीला बांधता त्या कडुनिंबाच्या डहाळीचं टोक बघा, तेही तांबूसच. मार्चमध्ये एसटीने एखाद्या घाटातून जाताना लांबवर लालभडक झाड दिसलं, की गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "पळस फुलला!" जवळ गेल्यावर कळतं, की तो कुसुंब आहे आणि ती फुलं नाहीतच, सगळी पालवी आहे. कुसुंबाची खरी फुलं बारीक, पिवळट हिरवी असतात. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, बिचारी!

पण पान लाल कशाला? पानाला हिरवा रंग देतं ते हरितद्रव्य. सूर्यप्रकाश वापरून झाडाचं अन्न तयार करणारं हे यंत्रच म्हणा ना. कोवळ्या पानात त्याची जुळणी अजून पुरी झालेली नसते आणि वर तर मार्चचं रणरणतं ऊन. जेवढा प्रकाश वापरता येतो त्याहून जास्त अंगावर आला, तर पानाला इजा होते. म्हणून कितीतरी झाडं कोवळ्या पानांत अँथोसायनिन नावाचं लाल-जांभळं रंगद्रव्य भरतात. ते जादा प्रकाश अडवतं. लहान बाळाला उन्हात नेताना आपण टोपडं घालतो, तसंच.

या द्रव्याला तुम्ही आधीच ओळखता. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी करतं ते हेच, आणि कोकमाच्या सरबताचा लाल रंगही याचाच. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाका (पाणी मोठ्यांकडून ओतून घ्या). रंग उतरला, की एका वाटीत लिंबू पिळा आणि दुसरीत चिमूटभर खायचा सोडा घाला. एक वाटी झकास गुलाबी होईल आणि दुसरी हिरवट. हे प्यायचं मात्र नाही!

शास्त्रज्ञांचं एवढ्यावर भागत नाही. काही म्हणतात, लाल रंग किड्यांना चकवण्यासाठी आहे, कारण बऱ्याच किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही. आणखी एक मुद्दा मला फार आवडतो. कोवळं पान मऊ असतं, ते कुरतडलं जाण्याची भीती सगळ्यात जास्त. मग महागाचं हरितद्रव्य आधीच कशाला भरायचं? पान जरा जून होऊ दे, मग भरू. काय हिशेबी असतात झाडं! यातलं कुठलं कारण मोठं, यावर अजून वाद चालू आहे. कदाचित प्रत्येक झाडाचं उत्तर वेगळं असेल.

आंबा आणि सीताअशोक तर आणखी एक युक्ती करतात. त्यांची नवी पानं ताठ उभी राहत नाहीत, ओल्या रुमालासारखी खाली लोंबतात. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं ना? लोंबणाऱ्या पानावर ते थेट पडत नाही.

पिंपळाची गंमत मात्र हात लावून बघायची. फांदीच्या टोकाला एक टोकदार कळी दिसेल. ती फुलाची नव्हे, पानाची. नवं पान आत गुंडाळलेलं असतं आणि वर पातळ टोपी. पान उलगडलं, की टोपी गळते आणि फांदीवर अंगठीसारखी गोल रेघ उरते. वडाला आणि उंबरालाही अशाच अंगठ्या असतात. जितक्या अंगठ्या, तितक्या टोप्या गळून पडल्या. भाचीने एका फांदीवर चौदा मोजल्या.

मग तिने एका तांबड्या पानाच्या देठाला पांढरा दोरा बांधला आणि पंधरा दिवस आजोळी गेली. परत आल्याआल्या चप्पलसुद्धा न काढता गॅलरीत धावली. दोरा जागच्या जागी होता. पान तळहाताएवढं, हिरवंगार, वाऱ्यावर सळसळत होतं.

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "मावशी, खरं सांग. दोरा दुसऱ्या पानाला कुणी बांधला?"