डोगा व त्यांतील मूल

आमचे बोर्लीकर ज्या मुंबईस चाकरीस जातात, तेथेंच दिल्लीच्या राज कॉमिक्सचा डोगा वावरतो. श्वानाचा मुखवटा, हातीं बंदूक, आणि न्यायालयाची वाट न पाहतां गुन्हेगारास देहान्त! अशा वीरांजवळ कधीं कधीं एखादें मूल असतें. अमेरिकेच्या बॅटमॅनजवळ १९४० पासून रॉबिन आहे. १९८८ सालीं दुसऱ्या रॉबिनास मारावें कीं राखावें, हा कौल वाचकांकडून दूरध्वनीनें घेतला गेला. मारा म्हणणारीं मतें ५,३४३, राखा म्हणणारीं ५,२७१. ७२ मतांनीं मुलगा मेला! डोग्याचें मूल मात्र त्याच्या आंतच आहे. उकिरड्यावर सांपडलेला सूरज हलकानसिंह दरोडेखोराजवळ रक्तपात पाहतच वाढला. त्याच्या बंदुकीपेक्षां उकिरड्याच्या त्या चित्रावरच आमची दृष्टि खिळते.