मारेकऱ्याच्या मनगटावर राखी

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशातल्या उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदर सिंह या तरुणाने सिस्टर राणी मारियांवर चाकूने सपासप वार केले. त्या ४१ वर्षांच्या होत्या. मूळच्या केरळच्या या धर्मभगिनी आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीच्या पाशातून सोडवत होत्या. ज्यांच्या पोटावर पाय आला, त्यांनी समंदरला पुढे केलं.

२००२च्या रक्षाबंधनाला राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याच समंदरला राखी बांधली. स्वामी सदानंद हे ख्रिस्ती धर्मगुरू त्याआधीपासून त्याला भेटत होते. समंदर आतल्या आत जळत होता. आपल्याला भरीस घालून नामानिराळे राहिलेल्यांचा सूड घ्यायचा, हेच त्याच्या डोक्यात होतं.

अशा माणसाला राखी बांधण्याचं बळ येतं कुठून? मत्तयाच्या शुभवर्तमानात क्षमेबद्दल विचारणाऱ्या पेत्राला येशू गोष्ट सांगतो ती कर्जाची. राजा एका चाकराचं डोंगराएवढं देणं माफ करतो आणि तोच चाकर बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. प्रभूच्या प्रार्थनेतही स्वतःसाठी क्षमा मागताना दुसऱ्याला क्षमा करणं त्याच वाक्यात येतं. म्हणजे श्रद्धावान माणूस क्षमा करतो तो मोठेपणा म्हणून नव्हे. आपलंही देणं कुणीतरी सोडलंय हे जाणून. मला या शिकवणीतलं हेच सर्वांत खोल वाटतं. ज्या राणी मारिया कर्जापायी नाडलेल्यांसाठी झटल्या, त्यांच्या घरच्यांनी ही शिकवण जगून दाखवली.

गुन्ह्याला मात्र त्यांनी गुन्हाच म्हटलं. समंदरने सुमारे अकरा वर्षं तुरुंगात काढली. कुटुंबाने लेखी संमती दिल्यावर २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात पुल्लुवळीला त्यांच्या घरी गेला, तेव्हा राणी मारियांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं.

खून आणि राखी यांत सात वर्षं गेली, हे विसरू नये. दुखावलेल्याला आपण लगेच ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला तर धर्माचं नाव घेऊन माफ करायला लावतात. ती क्षमा नव्हे, बळजबरी आहे. सेल्मींना तुरुंगाच्या दारापर्यंत कुणी ढकललं नव्हतं.